साहेब पोहोचेपर्यंत आग कुणाची?

गेल्या महिन्यात आमच्या एका सहकाऱ्याचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, फ्रेममधला फोटो आणि पाठीमागे धुऊनपुसून उभा केलेला बंब. भाषणं नेहमीच्याच वळणाची चालली होती. तेवढ्यात आमच्याहून दहा वर्षांनी सीनियर, निवृत्त होऊनही खात्यात दबदबा राखून असलेले एक साहेब उठले आणि गाडी भलत्याच रस्त्याला लागली. हल्ली तरुण अधिकाऱ्यांना ‘इन्सिडंट कमांडर’ व्हायचं वेगळं प्रशिक्षण द्यायचं खूळ निघालंय म्हणे, टेबलावर काडेपेट्या मांडून आगी विझवतात म्हणे. “पोहणं पुस्तक वाचून येत नाही. आम्ही धूर खाल्ला म्हणून हुकूम द्यायला शिकलो. नेतृत्व रक्तात असावं लागतं. फार विचार करायला शिकवाल, तर पोरं आगीसमोर कचरतील.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. साहेबांच्या हाताखाली मी सहा वर्षं काढली आहेत. शिवाय काडेपेट्या मांडणारा तो इसम मीच, हे समोरच्या निम्म्या खुर्च्यांना ठाऊक होतं. तिथे उत्तर देणं शोभलं नसतं. इथे देतो.

पोहण्याचा दाखला साहेबांनी दिला ते बरंच झालं. आमच्या गावाकडे पोरगं पोहायला शिकतं ते विहिरीत. पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधलेला असतो आणि काठावर काका-मामा कुणीतरी विडी ओढत बसलेला असतो. पोरगं गटांगळ्या खायला लागलं की तो उडी टाकतो. पुस्तक कुणी वाचत नाही हे खरं, पण ऐन पुरात कृष्णेत ढकलून ‘आता शीक’ असंही कुणी म्हणत नाही. आपल्या खात्यात मात्र पहिल्यांदा हुकूम द्यायची वेळ माणसावर येते ती थेट पुरातच. डबा नाही आणि काठावर मामाही नाही.

माझीच गोष्ट सांगतो. नोकरीला नऊ वर्षं झालेली, केंद्र अधिकारी होऊन जेमतेम चार महिने. यंत्रमागाचं गाव. रात्री दोनच्या सुमारास वर्दी आली, सुताच्या गोदामाला आग. एक बंब, मागून एक टँकर, मला धरून सातजण. पोहोचलो तेव्हा शटरच्या फटीतून पिवळसर धूर दाबाने बाहेर पडत होता. पुढे उभा असलेला फायरमन मला जरा ढिला वाटला. मी त्याच्या हातातली ब्रँच, म्हणजे पाण्याच्या पाइपाची तोटी, घेतली आणि स्वतःच पाणी मारायला लागलो. मारत राहिलो. खरं सांगायचं तर हातात ब्रँच आली की छातीतली धडधड कमी होते. समोर आग दिसते, पाणी दिसतं, काहीतरी काम होतंय असं वाटतं.

माझ्या पाठीमागे काय चाललं होतं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. टँकर चुकीच्या बोळात शिरून अडकला होता. वीज मंडळाला फोन कुणीच केला नव्हता, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने केला असेल. एक पोरगा बीए सेट (श्वसनयंत्र) न लावता मागच्या दाराने आत गेला होता आणि तो आत आहे हे कुणालाही माहीत नव्हतं. पाणी संपून ब्रँच फुसफुसायला लागली तेव्हा आमच्या म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे जवानांच्या मुकादमाने, माझा खांदा धरून मला मागे ओढलं. म्हणाला, “साहेब, पाइप माझ्याकडं द्या. तुम्ही रस्त्याच्या पल्याड जाऊन उभं ऱ्हावा, अन् बघा.”

मी रस्त्यापलीकडे गेलो. तिथून मला पहिल्यांदा आख्खं गोदाम दिसलं. गोदामाला खेटून पत्र्याच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांत माणसं झोपलेली होती.

त्यांना उठवलं. मागच्या दाराने गेलेला पोरगा वीसेक मिनिटांनी नळाखाली डोकं धरून बसलेला सापडला. कुणी दगावलं नाही. दुसऱ्या दिवशी अहवालात मी लिहिलं की जवानांनी शर्थीचे प्रयत्न करून आग आटोक्यात आणली. या एका वाक्याखाली आपल्या खात्याने किती रात्री पुरल्या असतील, देव जाणे.

नऊ वर्षं मी धूर खाल्ला होता. साहेबांच्या हिशेबाने तोवर हुकूम देणं मला यायला हवं होतं. धुराने मला पाणी कुठे मारायचं ते शिकवलं, शिडी कुठे लावायची ते शिकवलं. ब्रँच खाली ठेवायला त्याने कधीच शिकवलं नाही. उलट जितका फायरमन चांगला, तितका त्याला ब्रँचचा मोह जास्त. आग विझवणं हे एक काम आहे आणि आग विझवणाऱ्यांना सांभाळणं हे दुसरं. पहिल्यात बढती मिळाली की दुसरं आपोआप येतं, हे गृहीत धरूनच आपण खांद्यावर स्टार लावतो.

आता साहेबांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच मांडतो, कारण त्यांनी तो मांडला नाही. १९८०च्या दशकात गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसोबत तिकडच्या अग्निशमन अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. हे लोक निदान दोन पर्याय तरी मनात तोलून बघत असतील, अशी त्याची अटकळ होती. तसं काही सापडेना. अनुभवी अधिकारी प्रसंग ओळखतो, पहिला सुचलेला उपाय मनातल्या मनात चालवून बघतो आणि जमेलसं वाटलं की हुकूम सोडतो. म्हणजे साहेबांचं म्हणणं बरोबर? थांबा. क्लाइननेच नोंदवलेली एक हकीकत आहे. एक अधिकारी माणसं घेऊन एका घरात शिरतो. स्वयंपाकघरात आग आहे, पण पाणी मारूनही ती दबत नाही. बाहेरची खोली वाजवीपेक्षा जास्त तापलेली, आणि एवढ्या उष्णतेच्या मानाने आगीचा आवाज फारच कमी. त्याला कसंसंच वाटतं आणि तो सगळ्यांना बाहेर काढतो. ते उभे होते ती जमीन क्षणात खाली कोसळते. आग तळघरात होती, आणि घराला तळघर आहे हेच त्याला माहीत नव्हतं. आपल्याला सहावं इंद्रिय आहे, अशी त्या गृहस्थाची प्रामाणिक समजूत होती. कानांनी आणि कातडीने त्याला काय सांगितलं होतं, ते शब्दांत पकडण्यासाठी कुणीतरी समोर बसून एकेक प्रश्न विचारावा लागला.

माझं साहेबांशी भांडण आहे ते इथे. अनुभव नको असं मी कधीच म्हटलं नाही. पण मुका अनुभव माणसाबरोबर घरी जातो. साहेब निवृत्त झाले त्या संध्याकाळी तीसेक वर्षांच्या आगी शाल-श्रीफळासोबत रिक्षात बसून निघून गेल्या. त्यांतली एक तरी त्यांनी फळ्यावर काढून, ‘इथे मी चुकलो, इथे नशीब बलवत्तर’ असं सांगितलं असतं, तर सुताच्या गोदामासमोर मी कदाचित वेगळा वागलो असतो. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं म्हणा.

आणि अनुभव फसवतोही. १४ जून २०१७, लंडनचा ग्रेनफेल टॉवर, २४ मजले. रात्री बारा चोपन्नला फोन आला, चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात फ्रिजला आग. असल्या आगी तिथल्या जवानांच्या रोजच्या. काँक्रीटच्या इमारतीत एका घरातली आग त्याच घरात राहते, तेव्हा बाकीच्यांनी दार लावून आतच थांबावं, हा नियम. आणि तो वर्षानुवर्षं खरा ठरत आलेला. त्या रात्री आग खिडकीतून बाहेर पडली, भिंतींवर चढवलेल्या ज्वलनशील आच्छादनाला लागली आणि बघता बघता वर गेली. ‘आतच थांबा’ हा सल्ला मागे घ्यायला पावणेतीन वाजले. ७२ माणसं गेली. चौकशीचा पहिला अहवाल २०१९ मध्ये आला. इमारत रिकामी करण्याचा निर्णय दीड ते एक पन्नासच्या दरम्यान घेता आला असता आणि तो घ्यायला हवा होता, असं त्याने स्पष्ट म्हटलं. पण त्यातच आणखी एक नोंद आहे, ती साहेबांनी सावकाश वाचावी. सुरुवातीला सूत्रं हातात असलेले अधिकारी अनुभवी होते, हुद्द्याने तुलनेने कनिष्ठ होते, आणि इमारत रिकामी करायची वेळ आली हे ओळखायचं कसं व ती रिकामी करायची कशी, याचं प्रशिक्षण त्यांना मिळालेलंच नव्हतं. अनुभव होताच. उलट तोच त्यांना सांगत होता की ही आग आपल्या ओळखीची आहे.

त्या नोंदीतला ‘कनिष्ठ’ हा शब्दही सोडू नका. नेतृत्वाबद्दल बोलताना साहेबांच्या डोळ्यांसमोर प्रमुख अधिकारी असतो, पांढरं हेल्मेट, लाल दिव्याची गाडी. पण प्रमुख अधिकारी कुठल्याही आगीला पहिला पोहोचत नाही. तो मुख्यालयातून निघणार, ट्रॅफिकमधून वाट काढणार आणि आगीची श्रेणी वाढल्याचं कळल्यावर येणार. तोवर आग कुणाची? पहिल्या बंबावरून जो उतरला त्याची. लहान नगरपालिकेत तो बहुतेक वेळा कुणीतरी ‘प्रभारी’ असतो. काल तांडेल होता, आज साहेबांच्या खुर्चीत बसलाय. आगीचं भवितव्य बरंचसं त्या पहिल्या दहा मिनिटांत ठरतं आणि ती दहा मिनिटं आपण सगळ्यात कमी तयारीच्या माणसाच्या हवाली करतो. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून तिथे आहे, देशभरचे अधिकारी तिथे घडतात. पण तिथून परतल्यावर पुढची पंचवीस वर्षं गावच्या स्टेशनात हुकूम देण्याचा सराव किती? पंप रोज सकाळी चालवून बघतो आपण. पंपाला गंज चढतो हे आपल्याला पटलेलं आहे.

साहेबांचा आणखी एक मुद्दा होता. आपले बोळ वेगळे, आपली गर्दी वेगळी, ही परदेशी थेरं इथे चालत नाहीत. बरं, मग आपलीच आग घेऊ. दर वर्षी १४ एप्रिलला आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो, संचलन होतं, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतो. कशासाठी? १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचे स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि जोडीला कापसाच्या गाठी. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. पहिला स्फोट झाला तो चार वाजून गेल्यावर. मधल्या दोन तासांत धक्क्यावर जहाजाचा कप्तान होता, गोदीचे अधिकारी होते, स्फोटकांचा जाणकार लष्करी अधिकारी होता, अग्निशमन दलाचे प्रमुख होते. जहाज आहे तिथेच बुडवावं, बाहेर समुद्रात न्यावं, की पाणी मारत राहावं? प्रत्येकाच्या हातात अधिकाराचा एकेक तुकडा होता आणि सगळे तुकडे जोडून ‘असं करा’ म्हणणारा एकही नव्हता. जवान पाणी मारत राहिले.

त्या धक्क्यावर धाडस कमी पडलं नाही. कमी पडलं ते घटनेला एकच प्रमुख असणं. १९७०च्या वणव्यांनंतर कॅलिफोर्नियाने जी पद्धत बसवली आणि जिच्या धर्तीवर आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, तिचा गाभा एवढाच आहे. प्रमुख एक, आणि एका माणसाने थेट सांभाळायची माणसं शक्यतो पाच. हाताची बोटं. हे परदेशी असेल तर असो. आपल्या आगीच्या जागी पोलीस निरीक्षक, वॉर्ड ऑफिसर, वीज कंपनीचा वायरमन, मोबाइल उगारलेली शंभर पोरं आणि ‘आधी तिकडे मारा’ म्हणून आपल्या कार्यकर्त्याच्या दुकानाकडे बोट दाखवणारे नगरसेवक, एवढे सगळे जमतात. आपली गर्दी वेगळी आहे, हे अगदी मान्य. म्हणूनच ‘इथे मी प्रमुख आहे’ हे वाक्य नगरसेवकांचा अपमान न करता उच्चारायचा सराव लंडनच्या अधिकाऱ्यापेक्षा आपल्या पोराला जास्त हवा.

मुंबईच्या काळबादेवीतल्या आगीबद्दल लिहिताना हात जड होतो. ९ मे २०१५, गोकुळ निवास. संजय राणे आणि महेंद्र देसाई इमारत कोसळली तेव्हाच गेले. सुधीर अमीन आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर त्याच महिन्यात रुग्णालयात गेले. चौघंही अधिकारी. त्या रात्री कोणी काय ठरवलं यावर बाहेरून बोट ठेवण्याचा मला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. मला विचारायचंय ते तुम्हाआम्हाला. त्यांचे फोटो आपण स्टेशनात लावले, हार घातले. त्या इमारतीचा नकाशा फळ्यावर काढून, जुनं लाकडी बांधकाम आगीत किती वेळ टिकतं आणि माणसं बाहेर घ्यायचा हुकूम कुठल्या खुणेवर सुटला पाहिजे, याची चर्चा किती स्टेशनांत झाली? शहीद म्हटलं की आपण टोपी काढतो आणि वही मिटतो.

‘फार विचार करणारा कचरतो’ हे साहेबांचं वाक्य सगळ्यात जास्त टाळ्या घेऊन गेलं. इंग्लंडमध्ये सॅब्रिना कोहेन-हॅटन नावाच्या बाई आहेत, स्वतः अग्निशमन दलात अधिकारी म्हणून काम केलेल्या आणि मानसशास्त्राच्या संशोधक. त्यांनी अधिकाऱ्यांच्या हेल्मेटवर कॅमेरे लावून प्रत्यक्ष घटनास्थळावरचे निर्णय तपासले. बहुतेक निर्णय आतूनच उसळून आलेले होते, परिस्थिती बघितली की थेट कृती, मधला बेत गायब. मग त्यांनी हुकुमाआधी स्वतःला विचारायचे तीन प्रश्न बसवले. हे मी कशासाठी करतोय? यातून काय होईल असं मला वाटतं? मिळणारा फायदा या जोखमीच्या तोडीचा आहे का? साहेबांना वाटेल, झालं, आग तोवर शेजारच्या इमारतीला लागली. तसं झालं नाही. हे शिकलेल्या अधिकाऱ्यांच्या डोक्यात बेत जास्त स्पष्ट होता आणि निर्णयाला वेळ मात्र जास्त लागला नाही. तीन प्रश्नांना एका श्वासाएवढा वेळ पुरतो. आम्ही ते मराठी करून वॉकीच्या मागे चिकटवले आहेत. कशाला? पुढं काय? परवडेल का?

शिवाय ठाम हुकूम दिला की काम झालं, असंही नसतं. ५ ऑगस्ट १९४९, अमेरिकेतल्या मोंटानामधलं मॅन गल्च. वणवा उलटून अंगावर येताना म्होरक्या वॅग्नर डॉज याने समोरचं गवत स्वतःच पेटवलं आणि त्या जळून गेलेल्या पट्ट्यात पालथं पडा म्हणून माणसांना ओरडून सांगितलं. कल्पना अचूक होती. तो स्वतः तशानेच वाचला. पण कुणीही थांबलं नाही, सगळे त्याला ओलांडून चढावर पळाले. १३ जण मेले. तिथे हुकूम ठाम होता, बरोबरही होता. पण पुढाऱ्याला आणि माणसांना एकत्र सरावाची सवय नव्हती, आणि आगीपुढे आग लावणारा माणूस त्यांना वेडा वाटला असणार. आवाजातल्या ठामपणावर कुणी जीव टाकत नाही. तो माणूस आधी दहादा बरोबर ठरताना, आणि दोनदा चूक कबूल करताना, पाहिलेला असावा लागतो.

एका बाबतीत मात्र मी साहेबांच्या बाजूचा आहे. ‘आत्मविश्वास वाढवा’ नावाची जी एकदिवसीय शिबिरं निघाली आहेत, ती त्यांना जितकी झोंबतात तितकीच मला. टाय लावलेला एक हसरा तरुण येतो, आम्हाला उभं करून टाळ्या पिटायला लावतो, ‘मी करू शकतो’ असं तीनदा ओरडायला लावतो आणि जेवणानंतर प्रमाणपत्रं वाटतो. तसला आत्मविश्वास शटरच्या फटीतून येणाऱ्या पिवळ्या धुरासमोर सात सेकंदही टिकत नाही.

आता काडेपेट्या. टेबलावर खडूने रस्ते आखायचे, काडेपेट्यांच्या इमारती, बाटलीची बुचं म्हणजे बंब. पोराला दाराबाहेर उभं करायचं, हातात वॉकी. आत बोलावून म्हणायचं, तू पहिला पोहोचलास, काय दिसतंय ते कंट्रोलला सांग. गेल्या पावसाळ्यात एक सब-ऑफिसर आला होता. कामाला वाघ, दोन माणसं खांद्यावर घालून खाली आणलेली. वॉकीचं बटण दाबलं आणि घशातून आवाजच फुटेना. आठ सेकंद मी घड्याळात मोजली. हाताखालची पोरं बघत होती, कुणी हसलं नाही. तिसऱ्या खेपेला तो एका दमात बोलला: “कंट्रोल, तळमजला अधिक तीन, दुसऱ्या मजल्यावर धूर, गच्चीवर माणसं, बंब पुढच्या रस्त्याला, सूत्रं माझ्याकडे.” पाचव्या खेपेला मी नगरसेवक झालो, त्याचा दंड धरून दुकानाकडे ओढायला लागलो, आणि त्याने माझ्यासोबत एक फायरमन दिला, “दादा, ह्याला दुकान दाखवा,” म्हणून मला वाटेला लावलं. मी खूश.

सहाव्या खेपेला तिघं आत गेलेले असताना मी म्हटलं, जिन्यावरून कटकट आवाज येतोय. तो गप्प झाला. त्याची नजर टेबलावरून माझ्याकडे आली, परत टेबलावर गेली. आत एक माणूस सापडत आला होता, अजून दोन मिनिटं मिळाली असती तर सुटका झाली असती. ओठ हलले त्याचे, मला वाटतं तीन प्रश्न झाले. मग वॉकी तोंडाशी नेला आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाला, “सगळ्यांनी बाहेर या. परत सांगतो, सगळ्यांनी बाहेर या. नावानिशी हजेरी द्या.” कपाळावर घाम होता, काडेपेट्यांसमोर.

साहेब, येत्या गुरुवारी सकाळी साडेदहाला स्टेशनच्या वरच्या हॉलमध्ये टेबल मांडतोय. सुताचं गोदामच मांडणार आहे, पत्र्याच्या दोन खोल्यांसकट. चहा आहेच. वॉकी तुमच्या हातात देईन. मागच्या दाराने आत कोण गेलंय, ते मात्र आधी सांगणार नाही.